विहिरीत न गेलेलं औषध

तरुणपणी एक पावसाळाभर माझे कपडे साऱ्या खोऱ्यात नावाजलेले होते. पायजमा, बिनकॉलरचा सदरा आणि टोपी, तिन्ही इतके पांढरे की भातखाचरात उभा राहिलो तरी पल्याडच्या बांधावरून लोक ओळखायचे, दामू आला. पौडाच्या बाजारात एका बाईनं माझ्याकडं बोट करून आपल्या नवऱ्याला सांगितलेलं मी कानानं ऐकलंय, बघा, धुणं असं असतं. आईला आळीतल्या बायका विचारायच्या की कोणता साबण लावता. आई म्हणायची, त्याचं तोच धुतो, मला हात लावू देत नाही. ते खरंच होतं. का लावू देत नव्हतो, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही, लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ही वही लिहायला लागलो तेव्हा सून म्हणाली, तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघते. बाकीची प्रकरणं तिला लिहून झाली तशी देत गेलो. हे मात्र चार महिने गादीखाली होतं.

आमची वाडी माले गावाच्या पुढं, रस्ता सोडून वर. वरच्या आळीत आमची पाच घरं, खाली ओढ्याला लागून खालची आळी. घर दगडमातीचं, कौलारू, आणि परड्याच्या कडेला आमची विहीर. ती माझ्या आजोबांनी खणली होती. कातळ लागल्यावर भावकीनं नाद सोडला, आजोबा एकटे सुतकीनं कातळ फोडत राहिले, असं आबा सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. घरात कुणी पाहुणा टेकला की चहाच्या आधी आबा विहिरीचं पाणी द्यायचे आणि तो पिताना त्याच्या तोंडाकडं बघत बसायचे. गोड म्हटल्याशिवाय सुटका नसायची. वरच्या आळीतली सगळी घरं तिथंच पाणी भरायची. पहाटे रहाटाचा करकर आवाज सुरू झाला की मला जाग यायची. पहिला पोहरा आमच्या घरचा, मग बाकीच्यांचा, अशी रीत होती. दुसरी रीत अशी की परक्या माणसानं आमच्या विहिरीत पोहरा सोडायचा नाही. पाणी आम्ही काढायचं आणि तांब्यात ओतून हातात द्यायचं. त्यात आदर होता असं आम्ही म्हणायचो.

पावसाळ्यात पाणी तांबडं व्हायचं. आई धोतराच्या दुहेरी फडक्यातून ते गाळायची, मग निवळीचं बी हंड्याला आतून घासायची. गाळ खाली बसला की वरचं पाणी काचेसारखं दिसायचं. त्यात शिजलेला आंबेमोहोर, कुळथाचं पिठलं, श्रावण लागायच्या आधी ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. पाणी दिसायला स्वच्छ म्हणजे पाणी चांगलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळलेला होता आणि उताराच्या वरच्या अंगाला गोठा आणि उकिरडा होता. मुसळधार पावसात तिकडून येणारा ओहळ कठड्याच्या खिंडारातून आत जायचा. रोज डोळ्यांसमोर होतं ते. परवा भूगावला मुलाच्या बंगल्यात फिल्टरवाला आला, बोटाएवढं यंत्र ग्लासात बुडवून आकडा बघितला आणि सुनेला म्हणाला, दिसायला चांगलं असून उपयोग नाही मॅडम. मी उठून आत गेलो. सुनेला वाटलं, मला पंखा लागला.

तर दर मंगळवारी नर्सबाई यायच्या. त्यांचं आडनाव मुलाणी, घर पौडाच्या बाजारपेठेत. एसटीनं रस्त्यापर्यंत, तिथून पुढं चालत. खांद्याला पिशवी, पायात रबरी चप्पल. चाळिशीच्या असतील. बोलणं आमच्यासारखंच, पण तोंड फटकळ. कुणाच्या दारात पाणी साचलेलं दिसलं की घरधन्याचं नाव घेऊन झापायच्या. परक्यानं पोहरा सोडू नये ही रीत सगळ्यांनाच होती, पण मुलाणीबाईंच्या बाबतीत ती जरा जास्तच आठवणीनं पाळली जायची, हेही आता लिहून टाकतो.

एका उन्हाळ्याच्या शेवटी त्या आबांना म्हणाल्या की विहिरीत औषध घालावं लागेल, नाहीतर वरून बोर्ड येईल, पाणी पिण्यास अयोग्य म्हणून. औषध म्हणजे पांढरी ब्लीचिंग पावडर. आबा संतापले. माझ्या बापानं खणलेल्या विहिरीला रोग न्हाई, म्हणाले. पण बोर्डाची धास्ती होती. आजोबांच्या विहिरीवर तसला बोर्ड लागला असता तर आबांनी बाजारात तोंड दाखवलं नसतं. शेवटी पावडरीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला सही येत होती. मुलाणीबाईंनी कठड्यावर बसवून मला शिकवलं. बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतायचं, अर्धा तास कुणाला पाणी काढू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी. वहीत सही करायची. आणि मंगळवारी त्या येऊन पाणी बघणार. त्यांच्याकडं काचेची छोटी नळी होती आणि एक तपकिरी बाटली. नळीत पाणी घेऊन बाटलीतले चार थेंब टाकले की, पाण्यात औषध असेल तर ते पिवळं व्हायचं, नसेल तर जसंच्या तसं राहायचं. लपवाछपवीला जागाच नाही, असं त्या हसून म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी मी औषध ओतलं. सकाळी चहाला वास आला. आबांनी कप अंगणात पालथा केला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि बैल सोडायला गेले. इथं आबांचं नाव पुढं करायची सोय मला आहे. पण ‘घालू नको’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ते मी ठरवलं. मलाही आपल्या विहिरीला दवाखान्याचा वास येतो याची लाज वाटत होती, आणि एका नर्सबाईचं ऐकून रोज बादली कालवत बसणं मला माझ्या इतमामाला शोभेसं वाटत नव्हतं. त्यातच पावडरीचं पाणी पायजम्यावर सांडलं होतं आणि तिथं वाळल्यावर असा पांढरा डाग पडला होता की बाकीचा पायजमा मळका दिसायला लागला. मग मी सगळा पायजमाच त्यात बुडवला. पुढं सदरा, पुढं टोपी. आठवड्याची पावडर माझ्या कपड्यांत जायला लागली.

मंगळवारचं काय करायचं, तेही मी शोधून काढलं. पावडरीचं निवळ पाणी एका बाटलीत भरून फडताळात ठेवायचं. बाई खालच्या बांधावर दिसल्या की त्यातलं थोडं तांब्याच्या तळाला घालायचं, मग त्यांच्यासमोर पोहरा सोडून पाणी काढायचं, तांब्यात ओतायचं आणि मानानं तो तांब्या हातात द्यायचा. पहिल्या वेळी माझं माप चुकलं. नळी हळदीसारखी गडद झाली. त्या म्हणाल्या, “दामू, एवढं कशाला ओतलंस रं? हात आखडता घे.” पुढच्या मंगळवारी मी हात आखडता घेतला आणि फिकट लिंबासारखा रंग आला. बरोबर हवा तसा. विहिरीत बादली ओतायला जेवढा वेळ लागला असता त्याहून जास्त मेहनत मी त्या रंगावर घेतली. बाई खूष. इतर वाड्यांत सांगत फिरायच्या की माल्याच्या पुढच्या वाडीचा दामू बघा, एक दिवस चुकत नाही. ते माझ्या कानावर आलं की मला बरंच वाटायचं. खोटं कशाला लिहू, छाती फुगायची.

त्याच पावसाळ्यात खालच्या आळीतल्या किसनतात्यांची हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझ्या बहिणीची ती मैत्रीण, लहानपणी आमच्याच ओसरीवर सागरगोटे खेळायची. मला दामूदा म्हणायची. खालची आळी ओढ्याच्या झऱ्याचं पाणी प्यायची. मुलाणीबाईंनी हौसाला तपासलं आणि झऱ्याचं पाणी साफ बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, वर दामूच्या विहिरीवर जा, ते पाणी औषधाचं आहे, मी स्वतः दर मंगळवारी तपासते. म्हणजे ती एवढ्या लांबून चढून माझ्या विहिरीचं पाणी प्यायला यायला लागली ते त्या नळीतल्या पिवळ्या रंगाच्या भरवशावर.

ती कळशी घेऊन धापा टाकत चढायची, कठड्याला टेकून उभी राहायची. खालच्या आळीतून कुणी पाण्याला येतंय याचा आबांना इतका अभिमान वाटला की त्यांनीच मला सांगितलं, पोरीला पोहरा ओढायला लावू नको. मी तिची कळशी भरून द्यायचो. ती टिंगल करायची. “दामूदा, एवढा पांढरा नको फिरूस, एखादा बगळा येऊन शेजारी बसंल.” एक दिवस तिनं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं.

“बाई म्हनल्या औषधाचं पानी हाय. मला तर वास बी येत न्हाई.”

मी म्हणालो, “चांगलं औषध हाय. चांगल्याला वास येत न्हाई.”

ती हे पटल्यासारखी प्यायली. मी उभा राहून बघितलं. त्या संध्याकाळी मी पावडरीचा डबा हातात घेतला हे खरं आहे. डबा रिकामा होता. मंगळवारी नवी पावडर आली, पण बुधवारी पंचमी होती आणि मला नवा सदरा घालायचा होता. वाटलं, इतकी वर्षं आम्ही हेच पाणी पितोय, आम्हाला काय झालंय.

आधी आमच्या शेजारच्या घरात दोघं पडले. भूक मेली, ताप, मग डोळे पिवळे. मग आईचेही डोळे पिवळे झाले. कावीळ पावसाळ्यात येतच असते, असं सगळे म्हणाले. मग हौसा पडली. तिला काहीच पोटात ठरेना. नखं पिवळी, तळवे पिवळे. तिच्या आईनं, यमुनाकाकूंनी, डोंगरापलीकडून कावीळ उतरवणारा म्हातारा आणला. मी बघायला गेलो होतो. त्यानं हौसाच्या हाताला कसल्या तरी सालीचा रस चोळला आणि परातीत चुन्याच्या पाण्यानं ते हात धुतले. परातीतलं पाणी पिवळंजर्द झालं. यमुनाकाकूंनी हात जोडले, बायका म्हणाल्या निघाली, निघाली, बघा किती निघाली. दाटीवाटीच्या त्या घरात उभा असलेला मी एकटाच असा होतो की ज्याला पाणी पिवळं कसं करतात हे माहीत होतं. मी तेव्हा बोललो असतो तर एक दिवस आधी तिला दवाखान्यात नेलं असतं. काय म्हणून बोलणार होतो? तुला कसं कळलं, असं कुणी विचारलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मुलाणीबाई आल्या, हौसाच्या पापण्या वर करून बघितल्या आणि लगेच घोंगडी मागितली. बांबूला घोंगडीची झोळी बांधून तिला रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. उचलणाऱ्या चौघांत मी होतो. यमुनाकाकूंनी वाटेत तोंड ओलं करायला आमच्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून दिलं, चांगलं पाणी म्हणून, आणि बाटली माझ्या कमरेला खोचली. पाऊस बारीक होता. उतारावर हौसानं दोनदा पाणी मागितलं. मी ऐकलं नाही असं केलं. तिसऱ्यांदा किसनतात्या म्हणाले, “दामू, दे की रं तिला घोटभर.” मी बाटली काढली आणि हातातून सोडून दिली. खडकावर फुटली. तात्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, “एवढा बाप्या गडी, एक बाटली सांभाळता येईना तुला.” त्या सबंध पावसाळ्यात मी केलेलं एवढंच एक बरं काम, आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या.

आई आणि शेजारचे दोघं बरे झाले. हौसाही वाचली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे होती. मूल मेलेलं जन्माला आलं, मुलगा होता. पुढं तिला मूल झालं नाही. वर्ष दोन वर्षं सासरच्यांनी वाट बघितली, मग नवऱ्यानं दुसरी केली आणि हौसा खालच्या आळीत परत आली ती कायमची.

मूल गेल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाणीबाई वाडीवर आल्या. मंगळवार नव्हता. मला हाक मारली नाही, आबांना विचारलं नाही. सरळ विहिरीवर गेल्या, पोहरा स्वतः सोडला, स्वतः ओढला. आबा ओसरीवर होते, त्यांनीही अडवलं नाही. मी गोठ्याच्या दारातून बघत होतो. त्यांनी नळी भरली, चार थेंब टाकले. थोडा वेळ नळी उजेडात धरून ठेवली. मग ती झटकली, परत भरली, परत थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. त्या माझ्याकडं आल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“कधीपास्नं?”

मी मान खाली घातली.

“पहिल्यापास्नं?”

मी होय म्हटलं की नाही, आठवत नाही. त्या म्हणाल्या, “मी तिला हितं पाठवली, दामू. झऱ्याचं तरी तिच्या अंगवळणी पडल्यालं पानी होतं.” मग म्हणाल्या, “लोक जमत्यात देवळापाशी. मला बोलवलंय. तू ये.”

मी गेलो. देवळापुढं दोन्ही आळ्यांतली माणसं होती. माझा चुलतभाऊ सगळ्यांत पुढं. तो म्हणत होता की हा सगळा त्या पावडरीचा परिणाम, या बाईनं विहिरीत औषध घालायला लावलं आणि तेव्हापासून कावीळ आली, आधी कधी होती का. कुणीतरी मागून त्यांच्या जातीवरून बोललं. किसनतात्या खाली बसले होते, कुणाकडं बघत नव्हते. मुलाणीबाई सगळं ऐकून घेऊन त्यांच्यासमोर गेल्या.

“तात्या, पानी तपासायचं काम माझं हाय. मी तपासन्यात चुकले. पोरीला ते पानी प्या म्हनून मीच सांगितलं.”

आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. तेवढ्यात मला बोलायचं होतं. जागा त्यांनी करून दिली होती, नाव मी घ्यायचं होतं. माझ्या अंगावर तो पंचमीचा सदरा होता. मी त्याची बाही नीट करत राहिलो. चुलतभाऊ म्हणाला, ऐकलं ना, कबूल करतीये, आता परत पाय ठेवायचा नाही इकडं. त्या पिशवी उचलून निघाल्या. बांध उतरून दिसेनाशा होईपर्यंत मी बघत होतो. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या बाई आल्या. मुलाणीबाईंना घाटमाथ्याकडच्या कुठल्या गावाला टाकलं असं ऐकलं. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. घेतलं असतं तरी त्या दिवशी कुणी त्यांचं मानलं नसतं, हे त्यांना दिसत असणार. पण मी बोललो असतो तर मानलं असतं. माझ्या आजोबांची विहीर होती.

त्यानंतर मी रोज औषध घातलं. सांगायला कुणी लागलं नाही. कठडा बांधून काढला, उकिरडा खाली हलवला, आबांशी भांडून. चहाला वास यायचा, आबा प्यायचे. आबा गेले, माझं लग्न झालं, मुलं झाली, नळयोजना आली तोवर एक संध्याकाळ चुकली नाही. मी पुन्हा पांढरं घातलं नाही. लोकांना वाटलं संसारी झाला. आणि माझ्या या नेमाची गावात इतकी कीर्ती झाली की नळाला पाणी आलं त्या दिवशी ग्रामसभेत माझा सत्कार केला. शाल, नारळ. गावकीचं पाणी राखणारा माणूस, असं सरपंच म्हणाल्या. मी शाल घेतली. खांद्यावरून काढून ठेवता आली असती, तेव्हाही माईक समोर होता. ओवाळायला पाच बायका पुढं आल्या. हौसा मागच्या रांगेत बसली होती. तिला कुणी ओवाळायला बोलावलं नाही, मूल नसलेल्या बाईला बोलावत नाहीत. तिनं बसल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या.

हौसा अजून आहे. कंबरेत वाकलीय, पण स्वतःचं करून खाते. खालच्या आळीची निम्मी जमीन बंगलेवाल्यांनी घेतली, तिचं घर मात्र तिथंच. हे प्रकरण लिहायला घेतल्यापासून मी दोनदा तिच्याकडं जाऊन आलो. दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो. पहिल्या वेळी ती शेंगा फोडत होती, मीही फोडल्या. दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, दामूदा, तुझं काही काम होतं का? मी म्हटलं, न्हाई, सहज आलतो.

सून म्हणते, सगळी वही झाली की छापून आणू, गावात घरोघरी एकेक देऊ. देऊ म्हणालो. मुलाणीबाई आता नसतील. किसनतात्या, यमुनाकाकू केव्हाच गेले. राहिली हौसा, आणि तिला एक अक्षर वाचता येत नाही. हे इतकं सगळं मी कसं काय लिहू शकलो, तर त्याच्यामुळं.